नऊ लिटर पाणी आणि दोन तक्रारी

चहा, ताक, आमटी आणि साधे पाणी असे सगळे धरून माणूस दिवसाला दोनेक लिटर द्रव पोटात घालतो. आतड्यात मात्र रोज जवळपास नऊ लिटर उतरते. वरचे सात लिटर शरीर स्वतःच ओतते: लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याच्या अस्तरातून पाझरणारे पाणी. हे सगळे वाहून गेले तर माणूस दिवसभरात सुकेल. म्हणून लहान आतडे त्यातले सुमारे साडेसात लिटर पुन्हा रक्तात ओढून घेते. राहिलेल्या दीड लिटरातले बहुतेक मोठे आतडे शोषते आणि शौचावाटे बाहेर जाते ते जेमतेम शंभर ते दोनशे मिलिलिटर. नऊ लिटरांच्या उलाढालीत शेवटी उरणारे हे पाणी शंभरेक मिलिलिटर कमी पडले की खडा होतो आणि कुंथावे लागते. तेवढेच जास्त झाले की पळापळ सुरू.

इंग्रजी पाठ्यपुस्तके दिवसाला दोनशे ग्रॅमच्या वर शौच झाले की त्याला अतिसार म्हणतात. ही रेघ मैद्याचा पाव खाणाऱ्यांच्या देशात आखलेली आहे. भाकरी, उसळ आणि पालेभाजी खाणाऱ्याचे शौच निरोगी असतानाही त्याहून जास्त भरते. त्यामुळे आपल्याकडे वजनापेक्षा पातळपणा पाहावा, हेच व्यवहाराचे.

बद्धकोष्ठ आणि जुलाब या दोन्हींवरची औषधे समजून घ्यायची तर दोनच गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की आतड्याला पाणी थेट ओढता येत नाही किंवा ढकलता येत नाही. ते क्षार हलवते, मुख्यतः सोडियम आणि क्लोराइड, आणि पाणी त्यांच्यामागून जाते. दुसरी वेळेची. अन्नाचा लगदा आतड्यात जितका रेंगाळेल तितके पाणी जास्त शोषले जाईल. मेडिकलच्या दुकानात या दोन तक्रारींसाठी मिळणारी बहुतेक औषधे यांपैकी एका गोष्टीला किंवा दोन्हींना हात घालतात. बाकी फरक रंगाचा, चवीचा आणि किमतीचा.

आधी बद्धकोष्ठ. रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे हा हट्ट आपल्या घरांतून फार मुरलेला आहे. वैद्यकाच्या लेखी मात्र दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा इथपर्यंत सगळे ठीक. तीनच्या खाली गेले, खडा होऊ लागला, जोर करावा लागला, झाल्यावरही राहिल्यासारखे वाटले, तर ती तक्रार. अनेकांचे खरे दुखणे गोळ्यांचेच असते. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, खोकल्याचे कोडीनवाले औषध, रक्तदाबावरचे व्हेरापॅमिल, नैराश्यावरची काही जुनी औषधे ही सगळी कोठा जड करतात. चूर्ण सुरू करण्याआधी घरातली औषधांची पिशवी एकदा ओतून पाहिलेली बरी.

इसबगोलाची करामत उघड्या डोळ्यांनी पाहता येते. काचेच्या पेल्यात कोमट पाणी घ्या, त्यात दोन चमचे भुसी टाका, ढवळा आणि बाजूला ठेवा. पहिल्या मिनिटात पांढऱ्या पापुद्र्यांचे कण पाण्यात गरगरत असतात. थोड्याच वेळात त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या धूसर होतात, पेला जड वाटू लागतो. दहा मिनिटांनी तो तिरपा केला तर पाणी सांडत नाही, थरथरणारा बुळबुळीत गोळा सावकाश सरकतो. आतड्यातही हेच होते. या भुसीतले अराबिनोझायलन नावाचे लांबलचक शर्करासाखळ्यांचे द्रव्य आपल्याला पचत नाही आणि आतड्यातल्या जिवाणूंनाही फारसे फोडता येत नाही. त्यामुळे ते धरलेले पाणी शेवटपर्यंत सोडत नाही. खडा मऊ होतो, आकार वाढतो आणि आतड्याच्या भिंतीला ताण बसून ती आपणहून पुढे ढकलते. परिणाम दिसायला बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत लागू शकतात.

हीच भुसी पातळ शौचातले मोकळे पाणीही धरून ठेवते. म्हणून डॉक्टर ती सौम्य जुलाबातही देतात आणि रोग्याला वाटते, यांचे काहीतरी चुकले. चुकलेले नसते. मात्र दहा मिनिटांनंतरचा तो गोळा डोळ्यांसमोर ठेवावा. कोरडी भुसी घशात टाकून वर घोटभर पाणी पिणाऱ्याच्या अन्ननलिकेतच तो तयार होऊ शकतो. पेलाभर पाण्यात कालवायची, लगेच प्यायची, वर आणखी एक पेला पाणी. इसबगोल पिकतो मुख्यत्वे गुजरात आणि राजस्थानात, त्याची मोठी उलाढाल मेहसाणा जिल्ह्यातल्या उंझ्याच्या बाजारात होते आणि त्यातला बराच माल अमेरिकेला जातो. तिथे तो मेटाम्युसिल अशा नावांनी डब्यांत विकला जातो.

भुसी पाणी धरते, तर दुसऱ्या गटातली औषधे पाणी खेचून घेतात. शोषला न जाणारा क्षार किंवा साखर आतड्यात असली की तिच्याभोवती पाणी अडकून राहते. मिल्क ऑफ मॅग्नेशिया, म्हणजे पाण्यात कालवलेले मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, त्यातलेच एक जुने. आम्लपित्तावरच्या गुलाबी-पांढऱ्या औषधांच्या बाटलीवरचा मजकूर वाचला तर त्यात बहुधा मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम दोन्ही सापडतील. दोन्ही आम्ल मारतात, पण पहिले पोट ढिले करते, दुसरे घट्ट. दोघांना एकत्र घातले की कोठा जागेवर राहतो. मूत्रपिंडे अधू असलेल्यांनी मॅग्नेशियमपासून लांब राहावे. जे थोडेफार रक्तात जाते ते बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचेच, आणि ते साठले तर स्नायू ढिले पडतात, हृदयाचे ठोके मंदावतात.

लॅक्ट्युलोज ही बनवलेली साखर. गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना अशा पद्धतीने जोडलेले की ते तोडणारे एन्झाइम माणसाकडे नाही. ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथल्या जिवाणूंची मेजवानी होते. ते तिची आम्ले बनवतात, पाणी खेचले जाते आणि सोबत वायूही सुटतो, ही लॅक्ट्युलोजची खरी अडचण. यकृत निकामी झालेल्या रोग्याला हेच औषध बद्धकोष्ठ नसतानाही देतात. अशा रोग्याच्या रक्तात अमोनिया साठून मेंदू गुंगतो. आतड्यात आम्लता वाढली की अमोनियाचे रूपांतर अमोनियम आयनात होते, त्याला परत रक्तात शिरता येत नाही आणि तो शौचावाटे जातो. दिवसाला दोन-तीनदा मऊ शौच झाले पाहिजे असे त्या घरच्यांना बजावून सांगितलेले असते. ‘जुलाब होतायत’ म्हणून त्यांनी औषध बंद केले की दोन दिवसांत रोगी पुन्हा बरळू लागतो.

या गटातले सर्वांत सरळ औषध म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल. त्याला जिवाणू फोडत नाहीत, म्हणून वायू नाही. दुर्बिणीने मोठे आतडे तपासण्याआधी दोन लिटर पाण्यात जी पावडर कालवून प्यायला लावतात ती हीच, सोबत मोजून घातलेले क्षार. त्या द्रावणाचे प्रमाण असे बसवलेले असते की ते शरीरातून पाणी काढत नाही आणि शरीराला देतही नाही, सरळ वरून खाली वाहत जाते. चव खारट-गुळमट आणि दोन लिटर संपेपर्यंत माणूस डॉक्टरला मनोमन बरेच काही बोलून घेतो. जुनाट बद्धकोष्ठात याच पावडरची छोटी मात्रा रोज घेतली तरी चालते.

आता आजीच्या फडताळातला गट, आतड्याला डिवचणारा. सोनामुखी, एरंडेल आणि त्यांच्या पंगतीत बसणारी बिसाकोडिलची गोळी. पोट साफ करण्याची म्हणून जी चूर्णे घरोघर असतात त्यांतल्या बऱ्याच चूर्णांच्या डब्यावर बारीक अक्षरांत सोनामुखीच लिहिलेली असते. तिच्या पानांतली सेनोसाइड्स स्वतः काही करत नाहीत. ती लहान आतड्यातून न शोषता जातात, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांची साखर तोडतात आणि तेव्हा कुठे खरे औषध मोकळे होते. ते आतड्याचे आकुंचन वाढवते आणि पाणी शोषू देत नाही. हा प्रवास सहा ते बारा तासांचा, म्हणून रात्री झोपताना घ्यायचे आणि सकाळी मोकळे व्हायचे ही पद्धत पडली. बिसाकोडिलही रात्रीचेच. त्या गोळीवर जठरात न विरघळणारे आवरण असते. ती दुधासोबत किंवा आम्लपित्ताच्या औषधासोबत घेतली तर आवरण वरच सुटते आणि मुरडा येऊन माणूस वळवळतो. चावून खाल्ली तरी तेच. गरम दुधाबरोबर औषध घ्यायची आपली सवय इथे नडते.

एरंडेलाचे कोडे बरीच शतके कोडेच राहिले. एरंडेल प्यायल्यासारखे तोंड करायला आपण पिढ्यान् पिढ्या शिकलो, पण ते काम कसे करते हे २०१२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवले. लहान आतड्यातली एन्झाइम्स तेलातून रिसिनोलिक आम्ल वेगळे करतात. ते आतड्याच्या स्नायूंवरच्या ईपी-३ या रिसेप्टरला जाऊन चिकटते. एरवी तो रिसेप्टर प्रोस्टाग्लँडिनांसाठी असतो. तो रिसेप्टर नसलेल्या उंदरांना एरंडेल दिले तर काहीही झाले नाही. तोच रिसेप्टर गर्भाशयाच्या स्नायूंवरही असतो. दिवस भरले तरी कळा येत नाहीत तेव्हा बाईला एरंडेल पाजण्याचा जुना रिवाज यामुळे अंधश्रद्धा ठरत नाही, पण धोकादायक नक्की ठरतो. गरोदरपणी ते घेऊ नये याचे कारणही हेच.

शाळेच्या प्रयोगशाळेत अल्कलीत गुलाबी होणारे फिनॉल्फ्थॅलिन सर्वांना आठवत असेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हंगेरीत ते वाइनमध्ये खूण म्हणून घालावे का याची तपासणी चालली असताना ते जुलाब करते हे लक्षात आले. मॅक्स किस या हंगेरीत जन्मलेल्या औषध विक्रेत्याने १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये ते चॉकलेटमध्ये घालून एक्स-लॅक्स नावाने बाजारात आणले. पुढची नव्वद वर्षे अमेरिकेतली मुले आणि मोठी माणसे ते चॉकलेट खात राहिली. १९९०च्या दशकात उंदरांमध्ये मोठ्या मात्रेने गाठी होतात असे दिसल्यावर ते तिथल्या बाजारातून गेले आणि एक्स-लॅक्समध्ये त्याच्या जागी सोनामुखी आली.

‘सवय लागते हो’ अशी सोनामुखीबद्दलची भीती सगळीकडे ऐकू येते. आतड्याच्या नसा कायमच्या मरतात असे पूर्वी सांगत, त्याला आता तेवढा भक्कम आधार राहिलेला नाही. बरीच वर्षे घेणाऱ्याच्या मोठ्या आतड्याचे अस्तर काळपट दिसते, तेही निरुपद्रवी आणि औषध सोडल्यावर ओसरणारे. खरी मेख वेगळी आहे. जोरदार जुलाब झाला की सगळे मोठे आतडे रिकामे होते. ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. या दोन-तीन दिवसांत शौचाला होत नाही, कारण आत काही नसतेच. माणसाला वाटते पुन्हा तुंबले. तो पुन्हा चूर्ण घेतो आणि हे चक्र वर्षानुवर्षे चालते. रोज पातळ होत राहिले तर पोटॅशियमही वाहून जाते, पाय गळतात आणि पोटॅशियम कमी झाल्याने आतडे आणखी सुस्तावते.

अलीकडच्या औषधांत लिनॅक्लोटाइडची कथा मला सर्वांत आवडते. ई. कोलाय जिवाणूची एक जात प्रवाशांना आणि लहान मुलांना जुलाब करते. ती एक छोटे विष सोडते. ते आतड्याच्या पेशीवरच्या ग्वानिलेट सायक्लेज-सी या रिसेप्टरवर बसते, पेशीतली क्लोराइडची वाट उघडते, क्लोराइडमागून सोडियम आणि त्यांच्यामागून पाणी बाहेर येते. औषध बनवणाऱ्यांनी त्या विषाच्या घडणीवरूनच चौदा अमिनो आम्लांचा एक रेणू बेतला. तो त्याच रिसेप्टरवर बसतो आणि मोजून मापून पाणी सोडायला लावतो. तो अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाला. त्याच वर्षी तिथे क्रोफेलेमर नावाचे औषधही मंजूर झाले, दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या लालभडक चिकापासून काढलेले. ते क्लोराइडच्या वाटा बंद करते आणि एचआयव्हीच्या रोग्यांचे जुलाब थांबवते. एकाच वर्षी एक औषध पाणी सोडण्यासाठी, दुसरे अडवण्यासाठी, आणि दोघांची नजर क्लोराइडवरच.

ही वाट जुलाबात किती निर्दयपणे उघडते हे पहिल्यांदा नीट दाखवले ते कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यातच ओळखला होता, पण तो माणसाला मारतो कसा हे ठाऊक नव्हते. डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू काढून टाकलेला नुसता गाळीव द्रव घातला. तुकडा पाण्याने टम्म फुगला. म्हणजे जंतू नसतानाही त्याचे विष एकटे पुरे होते. हा निबंध १९५९ साली ‘नेचर’मध्ये आला. पटकीच्या रोग्याचे तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते ते या विषामुळे. ते पेशीतली क्लोराइडची वाट उघडते आणि उघडीच ठेवते.

लगेच पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९६० मध्ये, प्राग इथल्या परिषदेत संशोधक रॉबर्ट क्रेन यांनी एक आकृती मांडली. आतड्याच्या पेशीत एक दार असे आहे की त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात, एकट्याला प्रवेश नाही. पटकीचे विष हे दार बिघडवत नाही. बाहेर टाकणारी यंत्रणा पिसाळलेली असतानाही मीठ आणि साखर एकत्र दिले तर ती आत जाणार आणि पाणी त्यांच्यामागून जाणार. नुसते मिठाचे पाणी पाजून रोगी वाचत नव्हते आणि नुसत्या साखरेच्या पाण्यानेही नाही, त्याचे उत्तर या दारात होते. १९६८ साली ढाक्यात नॅलिन आणि कॅश या डॉक्टरांनी पटकीच्या रोग्यांवर हे सिद्ध केले. तरीही मोठ्या डॉक्टरांचा भरवसा सलाईनवरच होता.

तो भरवसा १९७१ साली पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगावात मोडला. बांगलादेश युद्धातले निर्वासित लाखांनी सीमा ओलांडत होते आणि छावण्यांत पटकी पसरली होती. डॉ. दिलीप महालनबीस तिथल्या रुग्णालयात पोचले तेव्हा खाटा संपून रोगी जमिनीवर पडलेले होते आणि सलाईन संपत आले होते. त्यांनी कलकत्त्याच्या संशोधन केंद्रात ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून घेतला: लिटरला २२ ग्रॅम, साडेतीन ग्रॅम आणि अडीच ग्रॅम. प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून, गरम इस्त्रीने तोंडे बंद करून त्या छावणीत नेल्या, तिथे पिंपांत कालवल्या आणि नातेवाइकांच्या हातात पेले दिले. आई-बाप, भावंडे रोग्याला पाजत राहिली. छावण्यांतला मृत्यूदर तीस टक्क्यांच्या आसपास होता, या उपचाराखाली तो चार टक्क्यांच्या खाली आला. ‘लॅन्सेट’ने १९७८ साली या शोधाला शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरू शकेल असे म्हटले. महालनबीस २०२२ साली वारले. पद्मविभूषण मिळाले ते नंतर, २०२३ साली.

औषधशास्त्राच्या भाषेत ओआरएस, म्हणजे हेच मीठ-साखरेचे द्रावण, जुलाब थांबवत नाही. पहिल्या दिवशी शौचाच्या खेपा तितक्याच राहतात आणि इथेच आया बिचकतात: ‘पाजतेय तेवढे बाहेरच जातेय, डॉक्टर.’ सगळे जात नसते. जाते त्याहून जास्त आत राहावे एवढेच त्याचे काम आणि तेवढ्याने मूल वाचते. आजच्या पुडीत लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. २००२ पर्यंत मीठ आणि साखर दोन्ही याहून जास्त होती. ती कमी केल्यावर शौचाचे प्रमाणही थोडे घटले, कारण आतड्यात फार साखर झाली तर ती उलटी पाणी खेचते, अगदी लॅक्ट्युलोजसारखी. लिटरची पुडी पेल्यात थोडीथोडी कालवू नये, पुरी लिटरभर पाण्यात एकदम कालवावी आणि चोवीस तासांत संपवावी. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे. भाताची पेज मीठ घालून दिली तरी चालते, तिच्यातल्या पिठाचे आतड्यात ग्लुकोजच होते.

खोक्यातल्या गोड, फळांच्या चवीच्या पेयांवर ‘ओआरएस’ अक्षरे छापून ती विकण्याचा धंदा आपल्याकडे बरीच वर्षे राजरोस चालला. त्यांत साखर कितीतरी जास्त आणि मीठ नावाला. जुलाब झालेल्या पोराला ते पाजणे म्हणजे आगीत तेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, असे नाव छापायला मनाई केली. त्यामागे हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. मुलाला ओआरएससोबत दहा ते चौदा दिवस झिंकची गोळीही द्यायची असते, सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळ्यांचे पाकीट अर्धवट फ्रिजवर राहते. पूर्ण करावे. पुढच्या काही महिन्यांत पुन्हा जुलाब लागण्याची शक्यता त्याने कमी होते.

जुलाब थांबवणाऱ्या औषधांचा मूळपुरुष अफू. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया लेकरू निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी चाटवत, हे त्या काळच्या नोंदींत आहे. त्या मुलांचा कोठाही बांधला जाई, कारण अफूचे रिसेप्टर मेंदूइतकेच आतड्याच्या मज्जाजाळ्यातही असतात. ते दाबले की पुढे ढकलणाऱ्या लाटा थांबतात, लगदा रेंगाळतो, पाणी शोषायला वेळ मिळतो. बेल्जियमच्या पॉल यान्सन यांच्या कंपनीने १९६९ साली तयार केलेले लोपेरामाइड हे अफूच्या याच गुणाचे, पण मेंदूत न शिरणारे. खरे तर शिरते, पण मेंदूच्या वेशीवरचा पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप त्याला लगेच बाहेर फेकतो. म्हणून नशा नाही आणि चिठ्ठीशिवाय मिळते. अमेरिकेत काही व्यसनी लोकांनी एकावेळी मूठभर गोळ्या खाऊन त्या पंपावर मात करायचा प्रयत्न केला. नशा किती आली कोण जाणे, हृदयाचे ठोके मात्र बिघडले आणि २०१६ साली तिथल्या एफडीएला इशारा द्यावा लागला.

मोठ्या माणसाला, ताप नसताना, शौचात रक्त-शेम नसताना, एसटीच्या लांबच्या प्रवासाआधी एखादी गोळी, एवढाच लोपेरामाइडचा खरा उपयोग. आतड्याच्या आत जंतू आणि विष असताना दार लावून घेतले तर ते आतच कोंडतात. तान्ह्या मुलांत तर आतड्याची हालचाल पार बंद पडू शकते. १९९०च्या सुमारास पाकिस्तानात लोपेरामाइडचे थेंब पाजलेली काही बालके पोट फुगून दगावली. त्यानंतर कंपनीने ते थेंब मागे घेतले. रेसकॅडोट्रिल वेगळ्या वाटेने जाते. आतड्यातल्या पेशी स्वतःच एन्केफॅलिन नावाची अफूसारखी द्रव्ये बनवतात आणि ती पाण्याचा पाझर कमी करतात. एक एन्झाइम ती लगेच तोडते. रेसकॅडोट्रिल त्या एन्झाइमला अडवते, एन्केफॅलिन जास्त वेळ टिकते, पाझर घटतो आणि हालचाल थांबत नाही. मुलांच्या डॉक्टरांना ते आवडते ते म्हणून. ओआरएसच्या जागी मात्र तेही चालणार नाही.

मेडिकलवाला ‘लूज मोशनची गोळी’ म्हणून जे पाकीट पुढे सरकवतो त्यात बऱ्याचदा नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोल यांची जोडगोळी असते. एक जिवाणूंसाठी, दुसरे अमीबासाठी, दोन्ही अंदाजाने. मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंचे, त्यांवर यातले काहीच चालत नाही. पटकी, रक्ती आव, तीव्र ताप यांत अँटिबायोटिक लागते आणि कुठले ते डॉक्टर ठरवतो. जुलाबावर सहज म्हणून घेतलेल्या गोळीची किंमत जपानने मोजली आहे. क्लायोक्विनॉल हे आतड्याचे जंतुनाशक म्हणून तिथे सर्रास दिले जाई. १९५०च्या दशकापासून लोकांचे पाय बधिर होऊ लागले, काही आंधळे झाले, आधी सगळ्यांना वाटले हा नवा संसर्ग. रोग्यांच्या जिभेवर हिरवट थर येई. त्या हिरव्या रंगाचे पृथक्करण केले तेव्हा तो लोह आणि क्लायोक्विनॉल यांचा संयोग निघाला. १९७० साली विक्री बंद झाली आणि नवे रोगी येणे थांबले. दहा हजारांहून जास्त लोक तोवर अधू झाले होते. हे औषध भारतातही बरीच वर्षे प्रवासाच्या पिशवीत असे.

डॉक्टरलाही चकवणारी गोष्ट बहुधा घरातल्या म्हाताऱ्या माणसाची असते. आजोबा अंथरुणाला खिळलेले, दोन दिवस सारखे पातळ होतेय, धोतर खराब होतेय. सून मेडिकलमधून लोपेरामाइड आणते. खरे तर आठवडाभर शौच झालेले नसते. गुदाशयात दगडासारखा खडा अडकलेला असतो आणि वरचे पातळ पाणी त्याच्या कडेने झिरपून बाहेर येते. दिसायला जुलाब, मुळात बद्धकोष्ठ. लोपेरामाइडने खडा आणखी घट्ट बसतो. अशा वेळी डॉक्टर आधी हातमोजा घालून बोटाने तपासतो. खडा लागला की एनिमा देतो किंवा हाताने फोडून काढतो, पुढे काही दिवस पॉलिइथिलीन ग्लायकॉल पाजतो, आणि आजोबांना कोडीनचे औषध चालू असेल तर ते आधी बंद करायला सांगतो.